मुरबाडचे नाना आणि सह्याद्रीची भिंत

विशेष प्रतिनिधी

मुंबईहून कल्याणला पोहोचलेली लोहमार्गाची वाट तेथे दुभंगते. एक फाटा ईशान्येकडे टिटवाळा, वासिंद, आसनगाव, खर्डी करीत कसाऱ्याला जातो आणि थळघाट चढून इगतपुरीला पोहोचतो. दुसरा आग्नेयेकडे बदलापूर, कर्जत करीत बोरघाट चढून लोणावळ्याला जातो. या दोन फाट्यांच्या बेचक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाड तालुका आहे. भारतातील पहिली रेल्वे सुरू व्हावी म्हणून झटणाऱ्या मुंबईकरांत अग्रभागी असलेले जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा जन्म याच मुरबाडचा. आगगाडीची शिट्टी मात्र त्यांच्या जन्मगावी आजपर्यंत ऐकू आलेली नाही.

हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही. रेल्वे कोठून गेली आणि कोठून गेली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या देशाच्या भूरचनेत दडलेले आहे. नानांचे चरित्र त्या भूरचनेशी ज्या ठिकाणी येऊन मिळते, तो प्रदेश शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा आहे.

मुरबाड ते गिरगाव

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे दैवज्ञ समाजातील मुरकुटे घराण्यात झाला. वडील शंकरशेट हे मुंबईतील धनाढ्य व्यापारी. आई भवानीबाई नानांच्या लहानपणीच वारल्या. ग्रँट रोडजवळील नाना चौकात आजही उभे असलेले भवानीशंकर मंदिर याच घराण्याचे. नानांचे शिक्षण मुंबईतच घरी झाले. मराठी व संस्कृतबरोबर त्यांनी इंग्रजीचाही चांगला अभ्यास केला.

१८२२ मध्ये वडिलांचे निधन झाले. एकोणिसाव्या वर्षी पेढीचा आणि मोठ्या मालमत्तेचा कारभार नानांच्या अंगावर पडला. पेशवाईचा अस्त होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. घाटावरचा मुलूख आणि कोकणपट्टी इंग्रजांच्या एकछत्री अमलाखाली आली होती, आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्या राज्याची घडी बसवत होते. या काळात एखाद्या तरुण सावकाराने केवळ व्याजबट्टा सांभाळला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. नानांनी मात्र आरंभापासूनच पैसा आणि प्रतिष्ठा सार्वजनिक कामाकडे वळवली.

त्यांचे पहिले मोठे कार्यक्षेत्र शिक्षण होते. १८२२ च्या सुमारास स्थापन झालेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीच्या कार्याशी ते जोडले गेले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ शिक्षणनिधी उभारण्यात नाना पुढे होते. या निधीतून जी संस्था उभी राहिली, तीच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज म्हणून नावारूपाला आली. १८४० मध्ये शिक्षण मंडळ अर्थात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले आणि नाना त्याचे सभासद झाले. पुढील सोळा वर्षे ते या मंडळावर होते.

या मंडळात १८४०च्या दशकात शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे होता. देशी भाषांतूनच ज्ञान दिले जावे, या कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांच्या मताला नानांनी पाठिंबा दिला. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या नानांनी मराठीची बाजू घ्यावी, हे त्या वेळी अनेकांना अनपेक्षित वाटले असेल. पण गावोगावच्या सामान्य मुलापर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते त्याच्या भाषेतूनच पोहोचेल, ही त्यांची धारणा होती. बाळशास्त्री जांभेकरांसारखे विद्वान याच काळात भूगोल, गणित, व्याकरण हे विषय मराठीत आणत होते. आपल्या गावाच्या पाठीशी दिसणारा डोंगर कोठून येतो आणि कोठवर जातो, हे मराठी मुलाला मराठीतून वाचता येऊ लागले ते याच पिढीच्या खटपटीमुळे.

भिंत आणि तिच्यातील वाटा

मुरबाड किंवा शहापूरच्या कोणत्याही मोकळ्या माळावर उभे राहून पूर्वेकडे पाहिले की सह्याद्री म्हणजे काय, हे कळते. आजोबा, नाणेघाटाचा कडा, गोरखगड, सिद्धगड अशी शिखरांची आणि कड्यांची ओळ दृष्टीच्या टप्प्याबाहेर पसरलेली दिसते. ही ओळ म्हणजे एका प्रचंड पठाराची तुटलेली पश्चिम कड आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोंढे बाहेर पडले आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे पश्चिमेचा भाग खचला, पठार उचलले गेले आणि नद्यांनी व पावसाने त्याची कड कोरत कोरत मागे नेली. त्यामुळे सह्याद्री पूर्वेकडून पाहिला तर साध्या टेकड्यांसारखा भासतो, तर कोकणातून पाहिला तर उभी भिंत दिसतो. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. म्हणूनच त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जवळचा अरबी समुद्र सोडून सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र कडा उतरून शहापूरच्या रानातून पश्चिमेला जाते. दोन नद्यांचे उगम जवळजवळ आहेत, पण त्यांची मुखे देशाच्या दोन टोकांना आहेत.

तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेल्या या भिंतीला खऱ्या अर्थाने मोठे खिंडार एकच आहे, ते केरळच्या सीमेवरील पालघाटचे. बाकी सर्वत्र चढावेच लागते. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचे भाग्य त्यामुळे नेहमीच घाटवाटांवर अवलंबून राहिले. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून चढणारा नाणेघाट हा त्यातील सर्वांत नामांकित. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नर व पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि जकात गोळा करण्याचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. माथ्यावरील सुळक्याला नानाचा अंगठा म्हणतात. त्या नानाचा आपल्या चरित्रनायकाशी संबंध नाही, पण योगायोग मात्र मोठा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवरून आणि गाड्यांतून घाट उतरत असे. वाटेत धूळ बसे, वळवाने भिजे आणि पावसाळ्यात वाहतूक थंडावे. मँचेस्टरच्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर अवलंबून होत्या. १८४६ मध्ये तेथील पीक घटले, तेव्हा हिंदुस्थानी कापूस वेळेवर व स्वच्छ बंदरात कसा येईल, हा प्रश्न विलायतेत ऐरणीवर आला. मुंबईला उत्तम बंदर होते, पण त्या बंदरामागे भिंत होती.

रेल्वेचा ध्यास

१८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या अभियंत्याने मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना पुढे मांडली. ती उचलून धरणाऱ्या मुंबईकरांत नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई हे प्रमुख होते. १८४५ मध्ये मुंबईत रेल्वेसाठी संघटना उभी राहिली. त्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आकाराला आली आणि १८४९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने तिला रीतसर मान्यता मिळाली. या कंपनीच्या संचालक मंडळींत नाना आणि जमशेटजी हे दोन भारतीय होते. रेल्वेच्या आरंभीच्या कचेरीसाठी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली, असेही सांगितले जाते.

आज या सहभागाचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. त्या काळी आगगाडीविषयी लोकांत भीती होती, सोवळ्या-ओवळ्याच्या शंका होत्या आणि भांडवल गुंतवण्याची तयारी नव्हती. नानांसारख्या धर्मनिष्ठ आणि सचोटीबद्दल ख्यातनाम गृहस्थाने तिच्यामागे उभे राहणे, हे सामान्य माणसाच्या दृष्टीने मोठे आश्वासन होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, एकवीस तोफांच्या सलामीत, चौदा डब्यांची आणि सुमारे चारशे निमंत्रित प्रवाशांची गाडी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तिला जोडली होती. नाना तेव्हा पन्नास वर्षांचे होते. हा समारंभ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. कंपनीची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू झाली. ठाण्यापर्यंतचा मार्ग सपाटीचा होता. ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर ओलांडून १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणला आली, आणि समोर सह्याद्री उभा राहिला.

माळशेज का नाही?

कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यात कल्याणहून माळशेज घाटाच्या दिशेने लोहमार्ग न्यावा, असा विचार होता. घाट चढून वर गेल्यावर एक फाटा उत्तरेकडे आणि दुसरा आग्नेयेकडे काढायचा, अशी ती कल्पना. नकाशावर ती सोयीची दिसत होती. तसे झाले असते तर देशातील पहिला घाटमार्ग मुरबाडवरून, नानांच्या जन्मगावावरून गेला असता.

कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून १८५० मध्ये आलेले जेम्स बर्कले यांनी घाटांची बारकाईने पाहणी केली, तेव्हा चित्र बदलले. आगगाडीला उंचीपेक्षा चढणीची अडचण मोठी असते. चढण सौम्य ठेवायची तर मार्गाला लांबी हवी, आणि लांबीसाठी डोंगराची सोंड किंवा हळूहळू चढत जाणारे खोरे हवे. माळशेजला पायथा बराच खाली आणि माथा सुमारे ७०० मीटरवर आहे. मधला कडा उभा. मार्गाला पाय रोवायला जागाच अपुरी.

शहापूर तालुक्याची गोष्ट निराळी. येथील जमीन भातसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांमधून स्वतःच हळूहळू चढत जाते. कसाऱ्यापर्यंत पोहोचेतो गाडी सुमारे ९५० फुटांची उंची गाठते. तेथून इगतपुरीपर्यंत उरते ती सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण. बोरघाटात चढण १,८३१ फुटांची, पण तेथे डोंगराची लांब सोंड पुढे आलेली असल्याने पावणेसोळा मैलांचा मार्ग बसवता आला. दोन्ही घाटांत कमाल चढ सदतीस फुटांना एक फूट ठेवण्यात आला. तीव्र वळण शक्य नव्हते तेथे गाडी उलट दिशेने नेण्यासाठी फिरती स्थानके बांधली गेली.

पुढील मुलखाच्या दृष्टीनेही हीच निवड योग्य ठरली. थळघाटावरून नाशिक, खानदेश आणि तापीचे खोरे गाठता येत होते. तेथून एक वाट वऱ्हाड-नागपूरकडे आणि दुसरी नर्मदेच्या खोऱ्यातून जबलपूरकडे जात होती. बोरघाटावरून पुणे, सोलापूर आणि पुढे मद्रासकडील मुलूख मोकळा होत होता. माळशेजची वाट मागे पडली आणि तिच्याबरोबर मुरबाडही.

घाटाची किंमत

शहापूर तालुक्यात लोहमार्ग टप्प्याटप्प्याने शिरला. १८५५ मध्ये गाडी वासिंदला आली. आसनगावला पोहोचायला १८६० साल उजाडले, आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसारा गाठला. पुढची नऊ मैल मात्र चार वर्षे घेऊन गेली. तेरा बोगदे आणि खोल दऱ्यांवरचे उंच पूल बांधून १ जानेवारी १८६५ रोजी थळघाट वाहतुकीस खुला झाला. बोरघाट त्याआधी १८६३ मध्ये पुरा झाला होता.

काळ्या पाषाणात सुरुंग लावणारे, टोपल्या वाहणारे आणि दोरांना लोंबकळून कड्यावर पहारी चालवणारे हात कोणाचे होते, याची दखल समारंभांच्या वर्णनात क्वचितच आढळते. एकट्या बोरघाटात १८६१ च्या आरंभी सुमारे ४२ हजार मजूर कामावर होते. पावसाळ्यात काम थांबे, उन्हाळ्यात पटकीची साथ येई. सुरुंगाचे अपघात, दरडी आणि ताप यांनी दोन्ही घाटांत हजारो बळी घेतले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात मजुरांचा उद्रेकही झाला. स्वतः बर्कले यांची प्रकृती ढासळली. ते १८६१ मध्ये मायदेशी परतले आणि पुढील वर्षी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी वारले. थळघाटातून गेलेली गाडी त्यांना पाहायला मिळाली नाही.

उत्तरायुष्य

या काळात नानांचे कार्य रेल्वेपुरते मर्यादित नव्हते. सतीबंदीच्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला होता. स्त्रीशिक्षणाला विरोध तीव्र असताना त्यांनी गिरगावात मुलींच्या शाळेला आश्रय दिला. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या उभारणीस त्यांनी साह्य केले. राणीची बाग आणि वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासह त्यांचा पुढाकार होता. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या माध्यमातून त्यांनी हिंदी जनतेची गाऱ्हाणी थेट पार्लमेंटपुढे नेली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव होते.

त्याच वर्षी उठावाच्या धामधुमीत बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय नानांवर घेतला गेला. चौकशी झाली आणि त्यातून ते निर्दोष ठरले. ज्या सरकारच्या मंडळांवर अनेक वर्षे काम केले, त्याच सरकारने संशय घ्यावा, हा प्रसंग त्यांना किती लागला असेल, याची कल्पनाच करावी. तथापि त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. हा मान मिळवणारे ते पहिल्या भारतीयांपैकी होते.

थळघाट खुला झाल्यानंतर सात महिन्यांनी, ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे मुंबईत निधन झाले. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतमध्ये यश मिळवणाऱ्यांना दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पुढे अनेक पिढ्यांना ठाऊक होती. एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. १८७० मध्ये थळघाटावरून गेलेला मार्ग जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या मार्गाला मिळाला, आणि मुंबईचे बंदर गंगेच्या मैदानाशी जोडले गेले. १८७१ मध्ये दक्षिणेचा मार्ग रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाला. नाना ते पाहायला नव्हते, पण मुंबईमागची भिंत आता भिंत राहिली नव्हती.

पायथ्याचा हिशेब

सह्याद्रीने या दोन तालुक्यांना जे दिले, ते बहुतांशी मुंबईकडे गेले. समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडतात आणि येथे भरपूर पाऊस पडतो. त्या पाण्यावर १८९२ मध्ये तानसा धरण उभे राहिले, १९५७ मध्ये वैतरणेवरील मोडकसागर आणि पुढे भातसा. मुंबईची तहान शहापूर भागवतो, पण कातळात पाणी मुरत नसल्याने याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

मुरबाडची रेल्वेची प्रतीक्षाही याच हिशेबातील आहे. कल्याण-मुरबाड लोहमार्गाची मागणी अनेक पिढ्यांची. त्याला मंजुरी मिळाल्याच्या, सर्वेक्षणाच्या आणि भूसंपादनाच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. पण हा मजकूर लिहीत असतानाही मुरबाडहून कल्याण स्थानक गाठायला एसटी, जीप किंवा स्वतःची गाडी हाच पर्याय आहे. २०२४ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकाला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने संमत केला. त्या मोठ्या स्थानकावर त्यांचे नाव यावे हे उचितच. परंतु त्यांच्या जन्मगावी नाव द्यायलाही स्थानक नाही.

१८५०च्या दशकात माळशेज सोडून देण्यास सबळ कारण होते. कड्याशी वाद घालून उपयोग नव्हता, आणि अभियंत्यांनी डोंगराचे म्हणणे ऐकले ते बरेच झाले. मात्र कल्याण ते मुरबाड हे अंतर जेमतेम तीस किलोमीटरचे आहे. या पट्ट्यात सह्याद्री आडवा येत नाही. तो मुरबाडच्या पलीकडे उभा आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या नकारासाठी भूगोलाकडे बोट दाखवता येते. त्यानंतरच्या विलंबाचे कारण मात्र डोंगरात शोधून सापडणार नाही.